मदत हवी आहे: डबलसीट बसलं की गाडी मागून दबते

मंडळी, माझी गाडी १५० सीसीची, मागे दोन शॉकअप. एकटा असलो की छान चालते. रविवारी बायकोला घेऊन दिंडोरीमार्गे सप्तशृंगी गडावर गेलो, तर नांदुरीच्या घाटात प्रत्येक खड्ड्याला मागचं चाक मडगार्डला घासत होतं. परतताना अंधार झाला आणि हेडलाइटचा झोत रस्ता सोडून झाडांवर! बायको म्हणाली, "पुढच्या वेळी एसटी."

शॉकअपवर खाचांची रिंग आहे, पाचपैकी दुसऱ्या खाचेवर. दोघांचं वजन मिळून १४० किलो. मागच्या टायरची हवा स्टिकरवरच्या डबलसीटच्या आकड्याप्रमाणे होती.

माझ्या समजुतीप्रमाणे रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच थोडी दाबली जाते, म्हणून गाडी कमी बसते. मग थेट चौथ्या खाचेवर नेऊ की एकेक वाढवून बघू? दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या, एवढं माहीत आहे. पण ऑफिसला एकटा जाताना पुन्हा खाली आणावी लागेल ना? रोज कोण पाना घेऊन बसणार!

मेकॅनिक म्हणतो, शॉकअपच बदला. पण शॉकअपमधून तेल तर थेंबभरही गळत नाहीये, मग तो खराब कसा? शिवाय रिंग गंजून जाम झालीय, ती सोडवायची कशी? आणि नाशिकमध्ये सी-पाना (ही रिंग फिरवायचा आकडीचा पाना) सुटा कुठे मिळेल?