लांबलचक लेओव्हर: परक्या विमानतळावरचे तास तुम्ही कसे घालवलेत?

आभाळमाया
काल भाचीचा फोन आला. "मावशी, मधे सिंगापूरला तेरा तास थांबायचंय. दुसरं तिकीट बघू का?" मी पटकन "अगं, मुळीच नको" म्हणून गेले आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तिथेच रमले.

काही वर्षांपूर्वी आई आणि मी तिथल्याच चांगी विमानतळावर अकरा तास होतो. आईचा पहिलाच विमानप्रवास. टर्मिनल ३ मधल्या फुलपाखरांच्या बागेत नेलं तर म्हणाली, पाच मिनिटंच हं, पाय दुखतायत. आत कोष लटकवून ठेवलेले असतात. एकातून फुलपाखरू नुकतंच बाहेर आलेलं. पंख अगदी ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. रिकाम्या कोषाला धरून ते लोंबकळत होतं आणि पंख कणाकणाने उलगडत होते. आईने पर्स माझ्या हातात दिली आणि पाऊण तास जागची हलली नाही.

ही बाग ट्रान्झिटच्या, म्हणजे विमान बदलणाऱ्यांच्या भागाच्या, आतच आहे, त्यामुळे व्हिसा लागत नाही, पैसेही नाहीत. फक्त दिवसाउजेडी जा, रात्री फुलपाखरं पानांआड बसलेली असतात.

तुमचेही असे तास असतील ना? लिहा.

भटक्या७
चांगी म्हणजे जीव की प्राण! ज्युएलमधला (विमानतळाला जोडलेला मॉल) तो ४० मीटर उंचीचा धबधबा (२०१९ ला सुरू झाला) इमिग्रेशनच्या बाहेर आहे, म्हणून व्हिसा नसलेले लोक हिरमुसतात. पण टर्मिनल २ आणि ३ मधली स्कायट्रेन ज्युएलच्या पोटातूनच जाते. ट्रान्झिटवाल्यांचा डबा वेगळा. मी चार फेऱ्या मारल्या, कुणी हटकलं नाही.

भाचीकडे सिंगापूरचा व्हिसा असेल तर विमानतळाची फुकट शहर-सहल आहे. किमान साडेपाच तासांचा थांबा लागतो. तेरा तासांत आरामात होईल.

सायली_क
दोहा!! विमानतळावरचं ते पिवळं अस्वल!! लेक तेव्हा चार वर्षांची. ७ मीटर उंच, डोक्यातून दिवा आलेला, लांबून अगदी कापडी खेळणं वाटतं. धावत जाऊन मिठी मारली तर गार लागलं. "आई, याला थंडी वाजतेय." ब्रॉंझचं आहे ते. मग आपली शाल त्याच्या पायावर घालून बसली, विमानाची वेळ होईपर्यंत काढू देईना. येणारे जाणारे थांबून हसत होते, एका आजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिथे शांत खोल्या आहेत, बायकांच्या वेगळ्या, आडवं होता येतं अशा खुर्च्यांच्या. अजून सांगायचंय, पण गॅसवर दूध आहे, आलेच

रानफूल
शाल 😍 सायली, लेक आता केवढी झाली?

नदीकाठ
इस्तंबूल, नऊ तास. टर्किश एअरलाइन्सने जात असाल आणि थांबा ६ ते २४ तासांचा असेल तर त्यांची फुकट शहर-सहल मिळते. तुर्कस्तानचा व्हिसा मात्र आपला आपण आधी काढायचा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा), अमेरिका, ब्रिटनचा चालू व्हिसा असेल तर ई-व्हिसाचा मार्ग असतो, पण नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी त्यांच्या सरकारी साइटवर बघाच.

सुलतानअहमत चौकात इजिप्तहून आणलेला दगडी स्तंभ आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी कोरलेला, इथे उभा केला इसवी सन ३९० च्या सुमारास. सगळे मशिदींचे फोटो काढत होते आणि मी त्याच्यावर कोरलेले पक्षी मोजत होतो. रेषा इतक्या धारदार की काल कोरल्यासारख्या. गाईडने दोनदा हाक मारली तेव्हा हललो.

विमानतळ शहरापासून लांब आहे आणि वाहतूक बेभरवशाची. परतीला भरपूर वेळ हाताशी ठेवा.

मुक्ता_म
माझा अनुभव वेगळा आहे, पण उपयोगी पडेल म्हणून लिहिते. दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती. निघताना काउंटरवर सांगितलं, बॅग थेट शेवटपर्यंत जाईल. मधल्या विमानतळावर कळलं की बॅग इथेच उतरवलीये. ती घ्यायला बाहेर जायचं तर व्हिसा हवा, तो नाही. सहा तास एका डेस्कवरून दुसऱ्या डेस्कवर. शेवटी एका मुलीने स्वतः खाली जाऊन बॅगेला नवा टॅग लावून आणला, तेव्हा मला रडूच आलं.

तेव्हापासून बॅग पट्ट्यावर जायच्या आधी टॅगवरची तीन अक्षरं वाचते. शेवटच्या विमानतळाचा कोड हवा. आणि गोळ्या, चार्जर, कपड्यांचा एक जोड कायम हातातल्या पिशवीत.

अवेळीपाऊस
बापरे मुक्ता. सहा तास 😟

रानफूल
मुक्ताताई, फार वाईट वाटलं वाचून. विषय निघालाच आहे तर विचारते, सासूसासरे पहिल्यांदाच एकटे जातायत, मधे पाच तास थांबा. व्हीलचेअर सांगावी का? सासरे "मी काय आजारी आहे का" म्हणतात.

भटक्या७
नक्की सांगा, निदान ४८ तास आधी एअरलाइनला कळवा. आजाराचा प्रश्नच नाही, चालायचं अंतरच प्रचंड असतं. एक लक्षात ठेवा, मदतनीस बरेचदा प्रतीक्षेच्या जागी बसवून निघून जातात. "परत किती वाजता येणार?" हे तेव्हाच विचारायला सांगा, आणि बसण्याआधी बाथरूमला नेऊन आणायलाही.

रानफूल
हे बाथरूमचं सुचलंच नसतं. चिठ्ठीवर लिहून देते.

दर्यावर्दी
ॲम्स्टरडॅमचं स्किपोल. विमानतळ आहे तिथे पूर्वी अख्खं सरोवर होतं, १८५२ मध्ये पाणी उपसून कोरडं केलं. आजही जमीन समुद्रसपाटीच्या खालीच. हे माहीत झाल्यावर धावपट्टीकडे बघत बसलो की तास कसे जातात कळत नाही, तिथे एकेकाळी लाटा होत्या! पासपोर्ट तपासणीनंतर राइक्सम्युझियमचं (ॲम्स्टरडॅमचं मोठं कलासंग्रहालय) छोटं दालन आहे, अस्सल चित्रं, प्रवेश फुकट. रेंगाळा तिथे.

सायली_क
आले. रानफूल, लेक आता दहावीत! ती शाल अजून तिच्याच कपाटात आहे.

रानफूल
दूध?

सायली_क
वाचलं, वेळेत पोचले.

आभाळमाया
किती छान लिहिताय सगळे! भाचीने तेच तिकीट पक्कं केलं, व्हिसाचा अर्जही भरतेय. हा धागा आत्ता आईला मोठ्याने वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारते, "अगं, आपण निघालो तेव्हा ते बसूनच होतं ना? उडालं असेल ना गं नंतर?"

नदीकाठ
उडालंच असणार. काकूंना सांगा.