प्रति: बादलीतच गोठलेलं रेझिन आणि वाकलेला साचा

भाऊ, गाडीच्या बॉनेटचा फायबरग्लासचा साचा करताना रेझिन (काचेचे तंतू बांधून ठेवणारं, घट्ट होणारं पातळ प्लॅस्टिक) बादलीतच गोठलं आणि साचा वाकला, असं तुम्ही लिहिलंत. रेझिन खराब नाही, वेळ चुकली. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या आसपास असताना भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये किलोमागे 20 ग्रॅम हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) टाकला, तर ते बादलीतच तापून फुटणार. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं. खोल बादलीत ती कोंडते. पहाटे 5 ते 8 काम करा, हार्डनर 1 टक्क्यावर आणा (त्याखाली नको, कच्चं राहतं), एका वेळी अर्धा किलोच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर. ही दोन थेट एकत्र आली तर भडका उडतो, हे गमतीत घेऊ नका.

बॉनेटचा साचा वाकला तो एकाच दिवशी पाच थर दिल्यामुळे. जेलकोट (साच्याच्या पृष्ठभागाचा पहिला गुळगुळीत रेझिनचा थर) बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, तेव्हा मॅटचा (काचेच्या तंतूंची चटई, चौरस मीटरला 300 ग्रॅमची) पहिला थर द्या. हेडलाइटच्या कोपऱ्यात मॅट उचलली जाते, तिथे हाताने फाडलेले तुकडे लावा. कात्रीची सरळ कड बसत नाही. मग 450 ची मॅट, रोज दोनच थर. मॅटच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन पुरे. मागची आधाराची नळ्यांची चौकट साचा कडक झाल्यावरच जोडा, नाहीतर नळीची रेघ पुढे उमटते.

आणि शेडमध्ये कूलर? अजिबात नको. ओलसर हवेत जेलकोट नीट सुकत नाही.