अनुभव धागा: भंगाराच्या भावात घेतलेली जुनी गाडी आणि तिच्यातलं क्रूझ कंट्रोल

सांजवेळ

काल भावाच्या नव्या गाडीत पुढे बसले होते. रस्ता मोकळा लागला तसं त्यानं अंगठ्यानं एक बटण दाबलं, डॅशबोर्डवर इवलासा हिरवा दिवा लागला आणि त्यानं उजवा पाय मागे घेऊन खाली टेकवला. एवढंच. मला एकदम बाबा दिसले. ते अगदी असाच पाय मागे घ्यायचे.

बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. चालायला त्रास नव्हता, पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय एकाच कोनात धरून ठेवला की अर्ध्या तासात गुडघा भरून यायचा. आजी चार तासांवर, एकटी. दर पंधरा दिवसांनी जाणं भाग. त्यामुळे बाबांनी ठरवलेलं, पुढची गाडी कितीही जुनी चालेल, रंग उडालेला चालेल, पण क्रूझ कंट्रोल, म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, हवंच. आणि हातात पैसे तर नव्हतेच.

मिळाली ती सतरा वर्षांची ऑटोमॅटिक. अडीच लाख किलोमीटरच्या वर पळालेली. भंगारवाला जे देईल त्याच्या किंचित वर किंमत. विकणारे गृहस्थ सरळ होते. म्हणाले, रात्री उभी केली की सकाळी बॅटरी उतरलेली असते, दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. आणि क्रूझचं बटण आहे, पण ते लागत नाही. आई म्हणाली, अहो, ज्याच्यासाठी घ्यायची तेच बंद आहे! बाबा म्हणाले, बटण आहे ना, मग लागेल कधीतरी.

पहिला महिनाभर बाबा रोज रात्री दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची वायर काढून ठेवायचे आणि सकाळी परत जोडायचे. मी टॉर्च धरायचे. दोष सापडला तो शेजारच्या मावशींमुळे. तो किस्सा नंतर लिहिते, कुकर लावायचाय. तोवर तुम्ही लिहा. अशी स्वस्तातली गाडी घेतलीत का? क्रूझ चालत होतं का?

चाकोरी

मी! मी! आमच्या गाडीत हॉर्न, एअरबॅगचा दिवा आणि क्रूझ असं सगळं एकाच आठवड्यात बिघडलं. हॉर्न वाजेना, एअरबॅगचा दिवा विझेना, क्रूझ लागेना. मी म्हटलं आता संपलं सगळं. तर मेकॅनिकनं स्टिअरिंगला हात लावून सांगितलं, आतली फिरकी केबल तुटली. चाक गोल फिरतं, पण बटणांच्या वायरी त्याच्यासोबत फिरून पिळल्या जाऊ नयेत म्हणून घड्याळाच्या स्प्रिंगसारखी एक चपटी पट्टी गुंडाळून ठेवलेली असते. हॉर्न, एअरबॅग, बटणं, सगळ्यांची वाट तिच्यातूनच. ती एकच बदलली आणि तिन्ही दुखणी गेली. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून हॉर्न वाजवून बघा. मात्र बदलायचं काम घरी करू नका, एअरबॅग तिथेच असते.

उंबरा

वाचतेय. ताई, मावशींचा किस्सा विसरू नका.

अण्णा_जुने

आमची क्रूझ व्हॅक्यूमवाली, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारी होती. आजच्या मुलांना ठाऊक नसेल, तेव्हा संगणक वगैरे काही नव्हतं. बॉनेटखाली चहाच्या बशीएवढा रबरी पडद्याचा डबा, त्यातून एक तार थेट थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला. इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर तो पडदा मागे-पुढे व्हायचा आणि तार खेचायचा. सपाटीवर झकास. चढ आला की वेग उतरायचा, कारण चढावर थ्रॉटल उघडं पडतं आणि ओढ कमी होते, आणि नेमकी तेव्हाच ओढ जास्त हवी असते. आमची तर साध्या पुलाच्या चढालाही मान टाकायची. सहा महिने मी हे असंच असतं म्हणून सोडून दिलं. एके दिवशी इंजिन चालू असताना बॉनेट उघडून कान लावला तर बारीक फुस्स फुस्स. बोटभर लांबीचा रबरी पाइप, टोकाशी चिरलेला. टोक कापलं, उरलेला परत दाबून बसवला. खर्च शून्य. त्या दिवशी पूल ओलांडला तेव्हा मी गाडीत एकटाच होतो आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या.

धुकं

अण्णा, टाळ्या वाजवल्यात म्हणजे हात स्टिअरिंगवरून काढलेत! काळजी घ्या हो.

अण्णा_जुने

पूल संपल्यावर, गाडी बाजूला घेऊन. आमच्या सौ. पण हेच विचारतात.

टप्प्याटप्प्याने

विषय निघालाच आहे तर, क्रूझ कंट्रोल ज्यानं शोधलं त्या राल्फ टीटरना दिसत नव्हतं हे किती जणांना माहीत आहे? लहानपणीच, पाच वर्षांचे असताना अपघातात दोन्ही डोळे गेले. तरी शिकून अभियंता झाले, पिस्टन रिंग बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख झाले. असं सांगतात की त्यांचे वकील गाडी चालवताना बोलायला लागले की वेग कमी करायचे आणि ऐकायला लागले की वाढवायचे, आणि शेजारी बसलेल्या टीटरना त्या हिसक्यांचा वैताग आला. डोळ्यांनी रस्ता दिसत नसला की प्रत्येक हिसका अंगालाच कळतो. पेटंट १९५० मध्ये मिळालं आणि १९५८ च्या क्रायस्लरच्या गाड्यांत ते पहिल्यांदा आलं. ज्याला स्वतःला गाडी चालवता येणार नव्हती त्यानं शेजारच्या सीटवर बसून हे शोधलं, याचं मला फार कौतुक वाटतं. सांजवेळताई, तुम्हीही शेजारच्या सीटवरच होतात ना काल.

सांजवेळ

हो. बाबांना हे सांगायला हवं होतं. त्यांना खूप आवडलं असतं.

पाटीपेन्सिल

रात्रपाळी करते, येऊन-जाऊन रोज ११० किलोमीटर. गाडी इतकी स्वस्त घेतली की कागदपत्रं करताना समोरच्यानं दोनदा विचारलं, आकडा बरोबर आहे ना. पुढचा डावा दरवाजा आतून उघडत नाही. पण क्रूझ लागतं! सकाळी परतताना पाय नुसते दगड झालेले असतात, तेव्हा ते बटण म्हणजे कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटतं. एकच सांगते, झोप येत असेल तर लावू नका. पायाला काम असतं तोवर अंग जागं राहतं. एकदा मला डुलकी लागली आणि गाडी त्याच वेगात, त्याच शांतपणे पुढे चालली होती. कडेच्या खडखडाटानं जाग आली. त्या दिवसापासून जांभई आली की क्रूझ बंद, खिडकी उघडी, आणि दुसरी जांभई आली की गाडी उभी करून वीस मिनिटं झोप.

उंबरा

पाटीपेन्सिल, बाई गं. जपून. वाचूनच धस्स झालं.

निवांत

पावसातही नको. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगले की चाकं नुसती फिरतात, आणि ती फिरत असतात तोवर जुन्या क्रूझला काही कळत नाही, ते वेग धरूनच ठेवू बघतं. आपला पाय असता तर आपोआप सैल झाला असता. माझी गाडी एकदा अशी आडवी गेली आहे, नशिबानं समोर कुणी नव्हतं. पहिला थेंब काचेवर पडला की मी बंद करतो.

कोरडा_पाट

सगळ्यांची क्रूझ चालतायत, मस्तच. माझी गाडी चौदा वर्षांची, गेल्या वर्षी घेतली, अशीच फुकटात म्हणावी अशी. क्रूझचं बटण दाबलं की मुख्य दिवा लागतो, पण सेट केलं की काहीच नाही. ते जाऊ दे, मला बॅटरीनं छळलंय. दर दोन-तीन दिवसांनी सकाळी गाडी मेलेली. वायरमननं आधी बॅटरी बदलायला लावली, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. काही फरक नाही. सोसायटीत आता मला बघितलं की लोक जम्पर केबल शोधायला लागतात.

धुकं

आमच्या गाडीत आधीच्या मालकाची कॅसेट अडकलेली आहे. बाहेर येत नाही, वाजते मात्र. एकाच बाजूची भजनं. मुलं गाडीत बसली की आपोआप म्हणायला लागतात.

चाकोरी

धुकं, आमच्या सीटखाली एका बाळाचा मोजा सापडला होता. एकच. टाकवेना. अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

धुकं

नका टाकू. ते बाळ आता गाडी चालवत असेल.

रविवारचा_मेकॅनिक

ज्यांच्या गाडीत क्रूझ नाहीच त्यांच्यासाठी. पेडलपासून इंजिनपर्यंत तार जात असेल तर विसरा, वेगळा डबा, तार, सगळं बसवावं लागतं. पण पेडल विजेवर चालणारं असेल तर थ्रॉटल हलवणारी मोटर गाडीत आधीच असते, क्रूझ म्हणजे नुसती बटणं आणि थोडा प्रोग्रॅम. माझ्या गाडीच्या वरच्या मॉडेलला क्रूझ होतं, माझ्याला नव्हतं. स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं तर वायरी आतपर्यंत आलेल्या, टोकाला काहीच जोडलेलं नाही! भंगारातल्या गाडीचा क्रूझच्या बटणांचा दांडा आणून जोडला, सर्व्हिसवाल्याकडून संगणकात ते चालू करून घेतलं. सगळ्याच गाड्यांत हे होत नाही, आधी झाकण उघडून बघा. आणि घेताना बघायचं ते हे: इंजिनचा पिवळा दिवा किंवा एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागलेला असेल तर बऱ्याच गाड्या क्रूझ मुद्दाम लागू देत नाहीत. म्हणजे क्रूझ बंद असणं हे दुखणं नसून लक्षण असतं. आणि बटणं दाबून समाधान मानू नका, चाळीसच्या वर वेग नेऊन सेट करून बघा, त्याखाली ते बहुतेक गाड्यांत लागतच नाही.

नवी_पालवी

सासूबाईंसाठी बघतोय गाडी. हाताचे गिअर असले तर क्रूझ चालतं का? त्यांना ऑटोमॅटिक नको आहे, हट्टच आहे.

रविवारचा_मेकॅनिक

चालतं. क्लच दाबला की सुटतं, ब्रेक दाबला की सुटतं. रिझ्यूम दाबलं की आधीचा वेग परत धरतं. सासूबाईंना आधी रिकाम्या रस्त्यावर चार वेळा लावून-सोडून दाखवा. सुटतं यावर विश्वास बसला की भीती जाते.

सांजवेळ

आले. भांडी राहिलीत, पण हे आधी लिहिते.

मावशी पहाटे फुलं काढायला उठायच्या. एक दिवस बाबांना म्हणाल्या, दादा, परवा तुम्ही गाडीची ती वायर काढायला विसरलात वाटतं, मागचे लाल दिवे रात्रभर चालू होते. बाबांना वाटलं पार्किंगचे दिवे राहिले असतील. पण त्या म्हणाल्या, नाही हो, ब्रेकचे, चांगले भडक. बाबा गाडीपाशी गेले, किल्ली खिशातच, वायर जोडली. दिवे लागले! ब्रेकवर पाय कुणाचा?

मग ते दार उघडून उलटे झोपले, डोकं पेडलखाली, पाय बाहेर रस्त्यावर. मी टॉर्च धरला. मॅटवर निळसर प्लास्टिकचे चार-पाच तुकडे, चुरा झाल्यासारखे. ते मी आदल्या आठवड्यातच झाडून टाकले होते, परत पडले होते. ब्रेकच्या दांड्याला वर एक भोक असतं आणि त्यात नाण्याएवढं प्लास्टिकचं बटण बसवलेलं असतं. पाय काढला की ते बटण ब्रेकच्या स्विचची पिन दाबून धरतं आणि दिवे विझतात. सतरा वर्षांत ते बटण वाळून भुगा झालं. पिन सरळ त्या भोकातून आरपार, म्हणजे गाडीच्या मते ब्रेक कायम दाबलेला. म्हणून दिवे चालू, म्हणून बॅटरी खलास, आणि ब्रेक दाबलेला असताना क्रूझ लागणार कसं? एवढ्याशा बटणापायी त्या माणसानं दोन बॅटऱ्या घेतल्या आणि शेवटी गाडीच काढून टाकली.

बाबांनी त्या भोकात एक बोल्ट घातला, मागून नट. पुढच्या पंधरवड्यात आजीकडे निघालो. बाबांनी ८० वर सेट केलं. हिरवा दिवा लागला. पाय मागे घेतला आणि आईकडे बघितलं, काही बोलले नाहीत. आईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी मागे बसून हे सगळं आरशात बघत होते.

गाडी जाऊन नऊ वर्षं झाली. बाबांना जाऊन चार.

पाटीपेन्सिल

डोळे भरून आले गं.

अण्णा_जुने

बटण आहे ना, मग लागेल कधीतरी. वा. मोठा माणूस.

रविवारचा_मेकॅनिक

कोरडा_पाट, वाचताय ना? तुमच्या गाडीचे मागचे दिवे रात्री कधी बघितलेत?

कोरडा_पाट

नाही! गाडी मी नेहमी मागची बाजू भिंतीला लावून उभी करतो. तासाभरापूर्वीच आलोय. खाली जातो.

उंबरा

आम्ही इथेच आहोत. टॉर्च न्या.

कोरडा_पाट

भिंत लाल दिसतेय. मॅट उचललं, खाली निळसर चुरा. ताई, बाबांनी बोल्ट केवढा लावला होता?

सांजवेळ

माप लक्षात नाही. पण भोकात घट्ट बसेल असा, चपटं डोकं स्विचच्या पिनेकडे, मागून वॉशर आणि नट. पेडल सोडल्यावर दिवे पूर्ण विझले पाहिजेत आणि नुसता पाय टेकवला की लागले पाहिजेत, दोन्ही बघून घ्या, दुसऱ्या कुणाला तरी मागे उभं करा. बोल्ट दोन-चार दिवसांपुरताच. खरं बटण पार्ट्सवाल्याकडे मिळतं, गाडीचं मॉडेल सांगा आणि हा चुरा पुडीत बांधून दाखवायला न्या. आज रात्रीपुरती बॅटरीची वायर काढून ठेवा. दहा नंबरचा पाना.

कोरडा_पाट

वायर काढली. भिंत काळी झाली. उद्या लिहितो.