प्रश्न बंद केला म्हणजे अपमान केला का?

होटगीरोड:
काल 'पूर्वभाग' यांनी इथं लिहिलं की स्टॅक ओव्हरफ्लो या कोडिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साईटवरचे लोक माजलेत, नवीन पोरानं प्रश्न टाकला की लगेच मायनस मत, मग बंद, त्यापेक्षा एआयला विचारा. ते वाचून रात्री झोप लागेना म्हणून सविस्तर लिहितोय.

मी १४ वर्षं या कामात आहे, आठ पुण्यात काढली, आता सोलापुरात घरून करतो. मला कोडिंग कॉलेजनं शिकवलं नाही, तिथल्या अनोळखी लोकांनी शिकवलं. २००८ पासून माणसं तिथं फुकट उत्तरं लिहितात. मॉडरेटर, म्हणजे साईटवर देखरेख ठेवणारे, निवडणुकीनं येतात, पगार नाही. आणि प्रश्न बंद करणारा बहुतेक वेळा मॉडरेटर नसतोच, लोकांच्या प्लस मतांतनं ३००० पॉइंट कमावलेली साधी माणसं मत देतात, तीन मतं पडली की बंद, आधी तर पाच लागायची. बंद म्हणजे पुसला नाही, नीट लिहा, परत उघडतो. मायनस देणाऱ्याचा स्वतःचा पण एक पॉइंट जातो, उगाच कोण कशाला देईल?

मुख्य गोष्ट म्हणजे तिथलं उत्तर विचारणाऱ्या एकट्यासाठी नसतं. दोन वर्षांनी रात्री दीड वाजता तोच एरर शोधत येणाऱ्या माणसासाठी असतं. एकच प्रश्न चारशे वेळा पडून राहिला तर त्याला खरं उत्तर सापडणार कसं?

पूर्वभाग:
मालक, एक दुरुस्ती. उत्तराला मायनस दिला तर पॉइंट जातो, प्रश्नाला दिला तर काहीच जात नाही. नवीन पोरगं प्रश्नच टाकतं ना? म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त लागतं त्यालाच मारणं फुकट आहे.

आता माझं ऐका. घरी तेलुगु, शाळा मराठी, डिप्लोमा इंग्रजीतनं. वडील लूमवर होते. पहिला प्रश्न मी अशाच एका साईटवर टाकला, नाव नको घ्यायला. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ६० विद्यार्थ्यांचा अ‍ॅरे केला, म्हणजे यादी बनवली, पहिल्याचं नाव भरायला गेलो की नल पॉइंटर, म्हणजे जागा रिकामी असल्याचा एरर. डिक्शनरी घेऊन दोन तास इंग्रजी लिहिलं. वरती 'नमस्कार सर' आणि खाली 'आभारी आहे' लिहिलं होतं, ते कोणीतरी कापून टाकलं. मग डुप्लिकेट, म्हणजे आधीच विचारलेला, म्हणून बंद आणि एक भलीमोठी लिंक. त्या लिंकमध्ये नल म्हणजे काय ते होतं, पण मी न्यू, म्हणजे नवीन बनवायचा शब्द, लिहूनसुद्धा नल का येतंय ते मला त्यातनं कळेना. एक ओळ कोणी लिहिली असती तर संपलं असतं. दोन वर्षं मी कुठंच प्रश्न विचारला नाही.

शेंगाचटणी:
नमस्कार कापतात यात अपमान कसला? स्टॅक ओव्हरफ्लोवर तर नियमच आहे, आभार मानायचे तर प्लस द्या. मी १५ पॉइंट होऊन प्लस द्यायची मुभा मिळाल्यावर पहिलं तेच केलं. आणि इंग्रजीचं रडगाणं किती दिवस चालणार? एरर इंग्रजीत, डॉक्युमेंटेशन इंग्रजीत. माझी पण शाळा मराठीच, अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातली.

जुळेसोलापूर:
रडगाणं म्हणू नका ताई. त्यांनीच पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश, जपानी अशा वेगळ्या साईट काढल्यात. जपानी माणसानं जपानीत विचारलं तर ती सोय, आमच्या पोरानं मराठीत विचारलं की रडगाणं? आपल्या पोरांना विषय येत नसतो असं नाही, वाक्य येत नसतं. व्हेरिएबल बरोबर, लॉजिक बरोबर, आणि 'व्हॉट यू ट्राईड', म्हणजे काय करून पाहिलंस, विचारलं की हातपाय गळतात.

शेंगाचटणी:
मग काढा की मराठीत. उत्तरं कोण लिहिणार? तुम्ही आठवड्याला किती लिहाल ते आधी सांगा. सेमी इंग्लिश आलं, तरी पोरांना चार ओळींचा अर्ज लिहिता येत नाही, ना मराठीत ना इंग्रजीत. दोष साईटचा नाही, शाळेत प्रश्न विचारायलाच कोणी शिकवत नाही याचा आहे. आमच्या वर्गात हात वर केला की सर म्हणायचे, 'मागच्या तासाला झोपली होतीस का?' ते कुठल्या इंग्रजीमुळं?

पूर्वभाग:
बरोबर, आणि तेच सर आता लॉगिन करून बसलेत असं वाटतं म्हणून तर पोरं पळतात! तुमची मुलं कुठल्या माध्यमात आहेत ते पण सांगा जरा.

शेंगाचटणी:
मुलांवर जायचं काम नाही. इंग्लिश मीडियममध्ये आहेत, पोटाला चिमटा काढून फी भरते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पूर्वभाग:
चुकलं माझं. ते लिहायला नको होतं.

होटगीरोड:
माध्यमावरनं भांडण नको, मूळ मुद्द्यावर या. मायनसचं मी चुकीचं लिहिलं, मान्य. पण 'एआयला विचारा' हे मला पटत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्या आल्या स्टॅक ओव्हरफ्लोनं त्याची उत्तरं टाकायला बंदी घातली, कारण दिसायला एकदम बरोबर आणि आत चुकलेलं. २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी कंपनीनं अशी उत्तरं काढायला मॉडरेटरांना अडवलं तर जूनमध्ये त्यांनी संप केला. बिनपगारी कामावर संप करतो तो माणूस माजलेला नसतो हो, त्याला त्या जागेची काळजी असते.

पूर्वभाग:
काळजी जागेची आहे, माणसाची नाही, माझं म्हणणं तेवढंच आहे. २०१८ मध्ये कंपनीनंच ब्लॉगवर कबूल केलं की आपली साईट नवख्यांना आपलीशी वाटत नाही. मग मी वेगळं काय म्हणालो? आणि ५० पॉइंट झाल्याशिवाय दुसऱ्याच्या प्रश्नाखाली कमेंट पण करता येत नाही. म्हणजे जुन्या लिंकवर जाऊन 'दादा, माझ्या केसमध्ये हे कसं लागू होतं' एवढं विचारायची सोयच नाही. नवीन प्रश्न टाकला की डुप्लिकेट. पोरानं जायचं कुठं?

होटगीरोड:
हे मात्र खरं आहे. ५० ची अट जाहिरातवाल्यांना रोखायला आहे, तरी ती तुमच्यासारख्याला पण अडवते. मी स्वतः डुप्लिकेटला खूप मतं दिलीत आणि लिंकखाली एक ओळ क्वचितच लिहिली. लिहायला पाहिजे होती. पण बंद करणं चूक होतं हे मी मानणार नाही.

पूर्वभाग:
बंद करा की. ओळ लिहून बंद करा.

डिप्लोमा_थर्डइयर:
दादा, मला पण सेम एरर आलाय सबमिशनमध्ये. न्यू लिहिलंय तरी नल. का येतंय ते कोणीच सांगितलं नाही इथं.

शेंगाचटणी:
बाळा, न्यू स्टुडंट ६० लिहिलंस तेव्हा फक्त ६० रिकाम्या खोल्यांची चाळ बांधलीस. आत राहायला अजून कोणी आलेलं नाही, प्रत्येक खोलीत नल आहे. लूप फिरवून प्रत्येक जागी एक न्यू स्टुडंट ठेव आणि मगच नाव भर. झालं नाही तर एरर पूर्ण टाक, पहिल्या ओळीपासून, फोटो नको.

पूर्वभाग:
ताई, मला तेव्हा हीच ओळ पाहिजे होती.

डिप्लोमा_थर्डइयर:
झालं! आता ४१ व्या ओळीवर वेगळाच एरर आलाय, टाकू का?

होटगीरोड:
नवीन धागा काढून टाक. शीर्षकात एररचं नाव लिही, नुसतं 'हेल्प' नको. मी बघतो.