टॉपचा फोन वर्षभर वापरलेल्यांनो, खरं काय ते सांगा

वाचनमात्र

नमस्कार मंडळी. माझा सध्याचा मिडरेंज फोन आता कुरकुर करायला लागलाय, ॲप उघडायच्या आधी विचार करत बसतो आणि रात्रीच्या फोटोंबद्दल तर बोलायलाच नको. या वेळी एकदाच काय ते टॉपचं मॉडेल घ्यायचं आणि पुढची पाच-सहा वर्षं नवीन फोनकडे बघायचंच नाही असं डोक्यात आहे. रिव्ह्यू बघून बघून डोकं भंजाळलंय, सगळे फोन आल्याच्या पहिल्या आठवड्यातले, आणि सगळ्यांचं म्हणणं तेच, एकदम स्मूद आणि कॅमेरा जबरदस्त. वर्षभर वापरून नवलाई संपलेल्या माणसाकडून ऐकायचंय. अजूनही कौतुक वाटावं असं काय आहे आणि रोज डोक्यात जातं असं काय आहे?

माझा वापर: गेम अजिबात नाही. फोटो भरपूर, त्यातही घरात एक लहान मूल आहे जे एका जागी थांबत नाही. ऑफिसचे कागद स्कॅन करणं. गाडीत मॅप. ब्रँडवरून भांडणं नकोत प्लीज, त्यासाठी वेगळे धागे भरपूर आहेत.

तिसरा_डोळा

वर्षाच्या वर झालं वापरतोय. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की पुढची दोन पानं त्यावरच जातील. प्रो-अल्ट्रा छापाचं शेपूट असलेला, मोठा मेन सेन्सर (मुख्य कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप), ५एक्स टेलिफोटो (लांबचं पाचपट जवळ आणणारा वेगळा लेन्स), एवढं धरून चाला.

सगळ्यात आधी टेलिफोटो, कारण माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात. ५एक्स म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांच्या भाषेत साधारण १२० एमएम. मूल खोलीच्या त्या टोकाला खेळतंय, तुम्ही या टोकाला, त्याला पत्ताही नाही, आणि चेहरा जसा आहे तसा येतो, जवळून मेन कॅमेऱ्याने काढल्यावर नाक जसं पुढे आल्यासारखं दिसतं तसं नाही. स्वस्त फोनमध्ये हा लेन्सच नसतो, तिथे झूम म्हणजे मेन फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. पण यातही मेख आहे. उजेड कमी झाला की फोन गुपचूप टेलिफोटो सोडून मेन सेन्सरवर येतो आणि तोच तुकडा कापून देतो, वर स्क्रीनवर ५एक्सच लिहिलेलं राहतं. संध्याकाळी घरात ५एक्स लावा आणि टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही तर समजून जा.

आता खटकणारं. तुम्ही कागद स्कॅन करणार म्हणताय ना, मग हे नीट वाचा. मोठ्या सेन्सरने उजेड जास्त मिळतो पण फोकसची खोली कमी होते. ए४ कागदावर फोन धरला की मधल्या ओळी एकदम कोरीव आणि कोपऱ्यातला तारीख-सहीचा भाग पुसट. अजून जवळ नेलं तर मोठ्या सेन्सरला तेवढ्या जवळचं फोकसच होत नाही, म्हणून फोन स्वतःच अल्ट्रावाइडवर, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर, उडी मारतो, चित्र एकदम हलतं, रंगही जरासा बदलतो. माझ्या जुन्या फोनला, ज्याचा सेन्सर टिचभर होता, हा त्रास कधीच नव्हता. यावर उपाय म्हणजे २एक्स लावायचं आणि हात वर घ्यायचा, जमतं, सवय होते. पण हे एकाही रिव्ह्यूत मला दिसलं नव्हतं.

पळणाऱ्या मुलाचं म्हणाल तर घरातल्या उजेडात टॉपचा फोनही चमत्कार करत नाही. फोन एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन एकत्र करतो, भिंत आणि सोफा सुंदर येतात, मुलाचा हात मात्र फराटा. काही फोन अशा वेळी शटर जलद ठेवून फोटोत थोडे दाणे, म्हणजे खरखर, चालवून घेतात, काही चकचकीत फोटोच्या नादात शटर हळू ठेवतात. घेण्याआधी हे बघा, मेगापिक्सेल नका बघू. २०० मेगापिक्सेलवाले सेन्सरसुद्धा एरवी १६ पिक्सेलचा एक करून १२ मेगापिक्सेलच्या आसपासचाच फोटो देतात, आणि तेच बरोबर आहे, सगळे फोटो पूर्ण साइझने ठेवले तर स्टोरेजचं काय होईल.

अजून एक, फोटो काढल्यावर सेकंदभर तो छान नैसर्गिक दिसतो आणि मग डोळ्यांदेखत प्रोसेसिंग होऊन सावल्या उजळतात, केस तारेसारखे होतात. दर वेळी वाटतं की आधीचाच ठेवायला हवा होता. ते शार्पनिंग पूर्ण बंद करायची सोय माझ्या फोनमध्ये नाही.

स्क्रीन, स्पीकर, व्हायब्रेशन, बोटाचा ठसा, सगळं अव्वल, पण खरं सांगायचं तर महिनाभरात त्याचं काही वाटेनासं होतं. दुसऱ्याचा फोन हातात घेतला की मगच कळतं.

कीस_पाडू

@तिसरा_डोळा, बोट ठेवायची युक्ती आत्ताच करून बघितली. दिवाणखान्यात लाइट लावलेले असताना माझा टेलिफोटो चक्क झोपलेला निघाला. धन्यवाद म्हणू की शिव्या देऊ कळत नाहीये :)

धागाकर्ते, मी थोडा उलट बाजूने बोलतो. तुम्ही गेम खेळत नाही, मग टॉपच्या चिपचा तुम्हाला उपयोग काय याचा आधी विचार करा. या चिप पहिल्या मिनिटाला विमान असतात, प्रश्न पुढे येतो. थ्रीडीमार्क या वेग मोजणाऱ्या ॲपची जी स्ट्रेस टेस्ट असते ती २० मिनिटं सलग चालते आणि शेवटी सर्वात कमी स्कोअर सर्वात जास्तच्या किती टक्के राहिला ते सांगते. त्यात भले भले फोन बरेच खाली येतात, कारण एवढ्या पातळ डब्यातून उष्णता जाणार कुठे. यूट्यूबवर आकडे दाखवतात ते बहुतेक पहिल्या मिनिटाचे.

आणि गरम होणं हा फक्त गेमवाल्यांचा प्रश्न नाही बरं का. तुम्ही मॅप म्हणालात. गाडीत काचेजवळ स्टँडवर फोन, वरून ऊन, मॅप चालू, ब्राइटनेस फुल आणि वायरलेस चार्जिंग, ही चौकडी जमली की माझा फोन आधी चार्जिंग थांबवतो आणि मग स्क्रीन मंद करतो. म्हणजे ऐन उन्हात जेव्हा उजेड पाहिजे तेव्हाच. जाहिरातीतले ते हजारो निट्स (स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीनच्या छोट्याशा भागापुरते आणि थोड्या वेळापुरते असतात हे तेव्हा कळतं. आता मी वायर लावतो आणि स्टँड एसीच्या झोतासमोर. चालतं. मॅपचं एक कौतुक मात्र करायलाच हवं, एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सीवर चालणारं जीपीएस असेल तर उंच इमारतींच्या मधे आपला ठिपका बाजूच्या रस्त्यावर जाऊन बसत नाही. वर्षभरात हे मला बाकी कशाहीपेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

वजनाबद्दल कुणी बोलत नाही. सव्वादोनशे ग्रॅमच्या पुढचा फोन, त्यावर कव्हर, रात्री आडवं पडून वाचताना करंगळीवर तोललेला. ॲपलने २०२३ मध्ये टायटॅनियम आणून प्रो मॅक्स २४० वरून २२१ ग्रॅमवर आणला तर लोकांना तेवढाही फरक हाताला जाणवला. दुकानात दोन मिनिटं धरून कळत नाही, एका हाताने टाइप करत उभं राहून बघा.

मंद_प्रकाश

वरचं सगळं मान्य, फक्त स्क्रीन अव्वल म्हणताना एक अपवाद. ओलेड स्क्रीन कमी ब्राइटनेसवर उजेड कमी करण्यासाठी खूप वेगाने चालू-बंद होते, त्याला पीडब्ल्यूएम म्हणतात. बहुतेकांना काही कळत नाही पण काहींना, ज्यात मीही आलो, अर्ध्या तासात डोळे चुरचुरतात आणि कपाळ धरतं. १२० हर्ट्झ रिफ्रेश रेटचा, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते त्याचा, याच्याशी संबंध नाही, ते वेगळं. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर खूप जलद करा आणि स्क्रीनकडे रोखा, काळे पट्टे सरकताना दिसतील. पट्टे जितके जाड आणि गडद तितका त्रास व्हायची शक्यता जास्त. पैसा फेकून हे टळतं असं नाही, उलट काही मधल्या किमतीच्या फोनमध्ये यावर जास्त काम केलेलं असतं. अंधारात वाचायची सवय असेल तर हे आधी तपासा.

वाचनमात्र

बाप रे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे आभार. कागद स्कॅनचं तर माझ्या गावीही नव्हतं. आता दोन शंका. पाच-सहा वर्षं टिकवायचा तर बॅटरीचं काय होईल? आणि मागच्या वर्षीचं टॉप मॉडेल घेतलं तर चालेल का?

चार्जर_कुठाय

बॅटरीचं मी सांगतो. पाच-सहा वर्षं एकाच बॅटरीवर निघतील हे डोक्यातून काढा, मधे एकदा बदलावी लागणारच असं धरूनच हिशोब करा. युरोपियन युनियनने २०२५ च्या जूनपासून नियम लावलाय की ८०० सायकलनंतर निदान ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, त्यामुळे कंपन्या आता हा आकडा उघड सांगतात, तो बघून घ्या. सायकल म्हणजे चार्जर लावण्याची संख्या नव्हे, एकूण शंभर टक्के वापरले की एक, म्हणजे अर्धा-अर्धा दोनदा वापरला तरी एकच. बॅटरी खाणाऱ्या गोष्टी दोन, उष्णता आणि सतत फुल राहणं. रात्रभर चार्जिंगला लावत असाल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावून टाका, सेटिंगमध्ये असते. दिवस निघत नसेल तर काढा, फोनसाठी आपण नाही.

बदलताना मागची काच गोंदातून सोडवावी लागते आणि परत चिकटवताना सील नीट बसलं नाही तर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं. तसंही आयपी६८ ची, म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या दर्जाची, चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात आणि नव्या कोऱ्या फोनवर असते. दोन वर्षं वापरलेला, चारदा पडलेला फोन घेऊन पोहायला जाऊ नये.

तिसरा_डोळा

मागच्या वर्षीचं मॉडेल जरूर घ्या, माझं तर मत तेच आहे. एका वर्षात कॅमेऱ्याचा सेन्सर बरेचदा तोच असतो, नाव आणि रंग बदलतात. पण अपडेटचं घड्याळ बघा. गुगलने पिक्सेल ८ पासून, २०२३ मध्ये, आणि सॅमसंगने एस२४ पासून, २०२४ मध्ये, सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. ही सात वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. म्हणजे वर्षभर जुना घेतला तर सहा हातात, तुमच्या हिशोबाला पुरतात. दोन-तीन वर्षं जुना घेतला किंवा कंपनीचं वचनच चार वर्षांचं असेल तर मात्र फोन धडधाकट आणि सिक्युरिटी अपडेट बंद अशी वेळ येईल, आणि बँकेची ॲप्स तेव्हा नखरे करायला लागतात.

अजून एक सुचलं, पोर्ट. टाइप-सी म्हटलं की सगळं वेगवान असं नाही. आयफोन १५ ला टाइप-सी आहे पण यूएसबी २ च्या वेगाने, ४८० एमबीपीएस, आणि १५ प्रो ला १० जीबीपीएस, तेही डब्यात येणाऱ्या केबलने नाही, वेगळी घ्यावी लागते. मुलाचे ४के व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवणार असाल तर स्पेसिफिकेशनमधली ती ओळ वाचाच.

कीस_पाडू

+१, आणि स्टोरेज एक पायरी वरचं घ्या, हल्लीच्या या बहुतेक फोनना मेमरी कार्डची खाच नसते. कॅमेऱ्याच्या कुबडामुळे टेबलावर फोन डुगडुगतो त्याला कव्हर हाच उपाय, जाडजूड घ्या, मग वजनाबद्दल मी वर जे बोललो ते विसरा.