आधी ग्लायडर, मग आग्रा

एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, सगळ्याच कॅडेट्सना विमान आणि छत्री (पॅराशूट) दोन्ही शिकवतात, असं कुणी म्हणत असेल, तर तसं नाही. तिथे, पुण्याजवळ खडकवासल्याला, सहा टर्म असतात, त्यातल्या शेवटच्या दोनांत ज्याच्या-त्याच्या दलाचं शिक्षण. तेव्हा फक्त हवाई दलाचे कॅडेट सुपर डिमोना मोटर-ग्लायडरवर बसतात. पंखांचा पसारा साधारण १६ मीटर, आणि शिक्षक पुढेमागे नाही, शेजारीच. चूक लपवायची सोयच नाही! इंजिन बंद केलं तरी ते तरंगत राहतं, हात बसायला हेच उत्तम. खरं उड्डाण पुढे हैदराबादजवळ दुंडीगलच्या हवाई दल अकादमीत, पिलाटस या प्रशिक्षण विमानावर.

छत्रीचं गाव आमच्या ग्वाल्हेरहून जवळ, आग्रा. सव्वाशे किलोमीटरही नाही. तिथल्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये पाच उड्या मारल्या, त्यातली एक रात्रीची, की छातीवर पंख.

आणि हो, ग्वाल्हेरची ओटीए (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणारी चेन्नईची नव्हे. लष्करात (ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेत हो, फौजेत नाही) निम्मे पालक इथेच फसतात. इथे एनसीसीचे अधिकारी घडतात. मुलगा रोज इथल्या महाराजपूर हवाई तळावरची मिराज लढाऊ विमानं बघून वेडा झाला असेल, तर त्याला आधी गणित-भौतिकशास्त्राला बसवा.