मदत हवी: गाडी तापली की बंद पडते, मेकॅनिक म्हणतो ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला. खरंच गेलाय का ते कसं ओळखायचं?

गाडी २००३ची आहे, पेट्रोल. गेले दोन महिने डोकं खाल्लंय तिने. सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट, अर्धा पाऊण तास मस्त पळते आणि मग चालता चालता एकदम ठप्प, धक्के नाहीत, पिकअप पडत नाही, कोणीतरी चावी फिरवून बंद केल्यासारखी. मग सेल्फ कितीही मारा, इंजिन फिरतं पण पकडत नाही. वीस पंचवीस मिनिटं बॉनेट उघडून ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात चालू होते.

पहिल्यांदा सगळ्यांनी सांगितलं क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा), तापला की सिग्नल सोडतो. ते पटलं, बदलला, फरक शून्य. मग फ्युएल पंपाचा रिले बदलला, तोच प्रकार. बॅटरी बंद गाडीत १२.६ आणि चालू गाडीत १४.१ व्होल्ट दाखवते, म्हणजे तिथे काही नसावं.

आता मेकॅनिक म्हणतो ईसीएम गेला, दुसरा बसवू. पण जुना वापरलेला ईसीएम बसवला तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखणार नाही, परत कोडिंगची भानगड, आणि एवढं करूनही दोष दुसराच निघाला तर?

एक गोष्ट मला खटकतेय, मेकॅनिकला सांगितली तर त्याने हातवारे केले फक्त. गाडी बंद पडलेली असताना चावी ऑन केली तर चेक इंजिनचा दिवा लागतच नाही. बाकीचे दिवे लागतात, हाच नाही. मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंदांचा घूं आवाज येतो तोही येत नाही. स्कॅनर लावला तर कनेक्ट होत नाही. गाडी गार झाली की तिन्ही गोष्टी परत. मग ईसीएमच झोपतोय ना? की त्याला कोणी झोपवतंय?

प्रतिसाद :
तुमचं शेवटचं वाक्यच महत्त्वाचं आहे. दिवा नाही, पंप नाही, स्कॅनर नाही याचा अर्थ ईसीएम जागा नाही एवढंच, मेलाय असं नाही. गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच मोजा, गार झाल्यावर मोजून काही उपयोग नाही. ईसीएमच्या कपलरला (वायरींच्या प्लगला) मागून बारीक पिन घालून सप्लायच्या पिनांवर बॅटरीएवढे व्होल्ट येतात का बघा, नाही आले तर मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच) किंवा त्याच्या आतलं सुटलेलं सोल्डर. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं ईसीएमच्या अर्थ पिनला, चावी ऑन. ०.१ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. आणि कृपा करून तिथे बल्बवाला टेस्टर लावू नका, मीटरच वापरा.

प्रतिसाद :
वरच्यांनी सांगितलंय ते कराच, पण ५ व्होल्टची लाइन विसरू नका. थ्रॉटल, मॅप (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) वगैरे सेन्सरना ईसीएम स्वतः ५ व्होल्ट पुरवतो, बऱ्याच गाड्यांत ती लाइन आतून एकच असते. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळी लाइन खाली बसते आणि काही ईसीएम चक्क आडवे होतात, अगदी तुम्ही सांगताय तशी लक्षणं. सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा, जो काढल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला तो चोर.

धागाकर्ता :
सापडलं!! काल मुद्दाम बंद पडेपर्यंत चालवली आणि रस्त्याच्या कडेला मीटर घेऊन बसलो. सप्लाय १२.३, अर्थ ०.०४, दोन्ही ठणठणीत. थ्रॉटलच्या कपलरवर ५ च्या जागी ०.४! तो सेन्सर काढला, काही नाही. मॅप काढला, काही नाही. मग पुढे रेडिएटरजवळ एसीच्या पाइपवरचा प्रेशर सेन्सर दिसला, याचा इंजिनशी काय संबंध म्हणत सहज कपलर ओढला तर डॅशबोर्डवर चेक इंजिन पेटला आणि मागून पंपाचा घूं. परत लावला, दिवा गेला. तीनदा करून बघितलं, विश्वासच बसत नव्हता. सेन्सरचा कपलर काढूनच घरी आलो, आज दिवसभर फिरलो, एकदाही बंद नाही. एसी अर्थातच चालत नाही.

नवीन सेन्सर मागवलाय. तो बदलायला एसीचा गॅस काढावा लागतो का?

प्रतिसाद :
बऱ्याच गाड्यांत सेन्सरखाली टायरसारखा व्हॉल्व्ह असतो, तिथे गॅस न काढता निघतो. पण सगळ्याच गाड्यांत नसतो, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघितल्याशिवाय पाना लावू नका, तो गॅस जोरात उडतो आणि हात भाजल्यासारखा गारठतो. नवा ओ-रिंग (गॅस गळू न देणारी रबरी रिंग) टाका, जुना परत वापरू नका.